उन्हाळ्यात फ्रेश परफ्यूम टिकत नाही, आणि दोनपैकी कुठला घ्यावा तेही कळत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

बेळगावात मार्च संपत आला की माझ्या काउंटरवर एकाच तक्रारीची माणसं यायला लागतात. थंडीत घेतलेला गोडसर, जड परफ्यूम उन्हात नको होतो, म्हणून काहीतरी फ्रेश हवं असतं. दोन बाटल्या पुढ्यात घेतात, दोन्ही हुंगतात, दोन्ही आवडतात, त्यातली एक घेऊन जातात. थोड्या दिवसांनी परत येतात: “अण्णा, हा टिकत नाही की. तो दुसराच घ्यायला पाहिजे होता.” दुसरा घेऊन गेले तरी पुष्कळदा तीच तक्रार घेऊन येतात. तेव्हा मी बाटलीला हात लावण्याआधी बाकीचं विचारतो. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी बघायच्या, मग दहा-वीस रुपयांच्या, आणि बाटली बदलायचं सगळ्यात शेवटी.

उदाहरणाला दोन बाटल्या घेतो, कारण माझ्याकडे माणसं याच दोघांत जास्त अडकतात. एक डेव्हिडॉफचा कूल वॉटर. हा 1988 सालचा, पिएर बूर्दों या फ्रेंच परफ्यूमरनं बांधलेला. लॅव्हेंडर, पुदिना आणि खाली लाकूड आणि मस्क (कस्तुरीसारखा वास) असा त्याचा थाट. दुसरा व्हर्साचे पुर ओम, 2008 सालचा, आल्बेर्तो मोरिलास यांचा. वर लिंबूवर्गी फळं आणि नेरोली, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क. खाली सीडरचं लाकूड, टोंका नावाची गोडसर वासाची बी आणि मस्क. तुमच्या मनातली जोडी वेगळी असली तरी तपासायची रीत हीच.

आधी लक्षण ओळखा

सरसकट “टिकत नाही” म्हणू नका. नेमकं काय होतं ते बघा.

- सकाळी साडेआठला लावला, अकरा वाजता तुम्हाला स्वतःला काहीच वास येत नाही. (पहिली आणि तिसरी तपासणी)
- दुकानात ताजा वाटला, घरी अंगावर आंबूस किंवा कडवट लागला. (दुसरी)
- तीच बाटली गेल्या वर्षी छान होती, यंदा पहिल्या झटक्यालाच टर्पेंटाईनसारखी किंवा शिळ्या तेलासारखी येते. (चौथी)
- त्याच नावाची नवी बाटली आणली, पण ती नुसती अल्कोहोलची वाटते. (पाचवी)
- दोन्ही बाटल्या तासाभरानं सारख्याच वाटतात, निवडता येत नाही. (सहावी)
- बसमध्ये शेजारचा तोंड फिरवतो, तुमचंही डोकं धरतं. (पहिली, मग तिसरी)
- मानेवर खाज, लाली, काळपट पट्टे. यासाठी खालचं काही करत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी: दुसऱ्याला विचारा

घरातून निघून दोनेक तास झाले की ज्यानं तुम्हाला सकाळपासून बघितलेलं नाही अशा माणसाला विचारा. बायको किंवा आई चालणार नाही, त्या सकाळपासून त्याच वासात असतात. ऑफिसमधला, दुकानाशेजारचा, कॉलेजातला कुणीही चालेल. हातभर अंतरावर उभं करायचं आणि सरळ विचारायचं, येतोय का वास?

याचं कारण नाकात आहे. एकसारखा येणारा वास नाक काही मिनिटांत बाजूला टाकतं, नव्या वासासाठी जागा मोकळी ठेवतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसणाऱ्याला तंबाखूचा वास जाणवत नाही, पण बाहेरून आलेला दारातच शिंकतो. तसंच तुमच्या मानेवरच्या परफ्यूमचं. त्यातून फ्रेश परफ्यूमच्या तळाला बहुधा मस्क असतो, आणि मस्कचे काही प्रकार काही माणसांना मुळातच जाणवत नाहीत. त्यांच्या दृष्टीनं परफ्यूम दहा वाजता संपलेला असतो, शेजाऱ्याला मात्र तो दुपारी दोनलाही येत असतो.

ही तपासणी मी पहिली ठेवतो, कारण हिला पैसा लागत नाही आणि बरीच माणसं इथंच बरी होतात. उलट ही न करता माणसं फवारे वाढवतात. चाराचे सहा, सहाचे दहा. मग खानापूरच्या लाल बसमध्ये खिडक्या पावसामुळे बंद असतात तेव्हा त्रास सगळ्यांना होतो. समोरचा “येतोय” म्हणाला तर तुमच्या परफ्यूमला काही झालेलं नाही, पुढचं वाचायची गरज नाही.

दुकानात दोन वासांच्या मधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्यावर फार विसंबू नका. कॉफी हासुद्धा एक उग्र वासच. दोन मिनिटं बाहेर रस्त्यावर जाऊन उभं राहिलं किंवा स्वतःच्या कोपराच्या आतली, काही न लावलेली कातडी हुंगली तरी नाकाला तेवढी विश्रांती मिळते.

दुसरी: परफ्यूमच्या खाली काय काय आहे

आंबूसपणाची तक्रार आली की मी एवढंच विचारतो: अंघोळीचा साबण कुठला, डोक्याला तेल कुठलं, काखेत काय, अंगाला पावडर कुठली? उत्तर ऐकूनच बहुतेक वेळा उलगडा होतो. साबण लिंबाचा, तेल चमेलीचं, डिओ चॉकलेटी वासाचा, पावडर गुलाबाची, कपड्यांना कंडिशनर वेगळाच, आणि या सगळ्यावर नाजूक लिंबू-नेरोली. तो बिचारा एकटा या पाचांशी कसा झुंजणार?

घाम ताजा असताना त्याला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या घामावर कातडीवरचे जिवाणू काम करतात तेव्हा तो वास तयार होतो. परफ्यूम हे काम थांबवत नाही, झाकतही नाही. दोन्ही वास मिसळतात आणि तिसराच उभा राहतो. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारी पोरं सुट्टी झाल्यावर घामेजल्या शर्टावरच फवारा मारून लग्नाला जातात, आणि मग परफ्यूमला नावं ठेवतात. आधी काखा धुवायच्या, कोरड्या करायच्या, शर्ट बदलायचा. एवढं केलं तर दोन फवारे पुरतात.

दहा-वीस रुपयांचा इलाज हवा असेल तर तुरटी. न्हाव्याकडे दाढीनंतर फिरवतात तीच. ओली करून काखेत फिरवली की जिवाणूंची वाढ कमी होते, आणि तिला स्वतःचा वास नाही म्हणून वरच्या परफ्यूमशी भांडण नाही. कापलेल्या किंवा नुकत्याच केस काढलेल्या कातडीवर मात्र फिरवू नका, चरचरते.

साबणाला पर्याय विचारलात तर मी चंदनाचा साबण सांगतो. म्हैसूर सँडल आपल्याकडे कुठल्याही किराणा दुकानात मिळतो, शंभरहून जास्त वर्षं बनतो आहे, आणि कूल वॉटर असो की पुर ओम, दोघांच्याही तळातल्या लाकडाशी चंदनाचं जमतं. डोक्याला बिनवासाचं तेल लावा, किंवा त्या दिवशी तेल राहू द्या. आठवडाभर एवढंच करून बघा, तोवर नवी बाटली घेऊ नका.

तिसरी: कुठे, किती आणि कसा लावता

कोरड्या कातडीवर परफ्यूम लवकर उडतो. आपल्याकडे हे विशेष जाणवतं, कारण शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, एप्रिलमध्ये दुपारची हवा कोरडी, वर वारा. उत्तरेला आणि ईशान्येला चिकोडी, रायबाग, अथणीकडे जावं तसं ऊन वाढतं, पारा 40 च्या आसपास जातो, कातडी आणखी सुकते. यावर उपाय सोपा आहे. अंघोळीनंतर अंग किंचित दमट असताना बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा चिमूटभर पेट्रोलियम जेली छातीवर, मानेच्या मागे लावायची आणि त्यावर परफ्यूम. तेलकट थरात सुवासिक द्रव्यं थोडी अडकून राहतात, हळूहळू सुटतात. घरचं खोबरेल चालतं का, असं विचारतात. चालतं, पण खोबऱ्याचा स्वतःचा वास दमदार असतो, नेरोलीला तो खातो.

मनगटावर मारून दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायची सवय सोडा. घासल्यानं कातडी गरम होते आणि सगळ्यात हलकी द्रव्यं, म्हणजे ज्या लिंबासाठी तुम्ही पैसे मोजले तीच, आधी उडून जातात. मारायचं आणि सोडून द्यायचं.

जागा मी अशा सांगतो: दोन फवारे छातीवर शर्टाच्या आत, एक मानेच्या मागे, आणि हवाच असेल तर एक सुती शर्टाच्या आतल्या बाजूला, एक वीत लांबून. सुती कापडावर वास कातडीपेक्षा जास्त वेळ राहतो, कारण तिथं अंगाची ऊब कमी आणि घाम नाही. पांढऱ्या शर्टावर, रेशमी कुर्त्यावर, फेट्यावर थेट मारू नका, डाग पडतो आणि सहज जात नाही. लग्नसराईत नवरदेवाच्या शेरवानीवर हौसेनं परफ्यूम उडवतात, त्यानं फोटोत पिवळे ठिपके येतात.

एक गोष्ट उन्हाबद्दल, आणि ही मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. उघड्या मानेवर, हातावर लिंबूवर्गी सुगंध लावून दुपारच्या उन्हात जाऊ नका. बर्गामोट या लिंबूवर्गी फळाच्या सालीच्या कच्च्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं, ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखं होतं आणि मग काळपट पट्टे राहतात. मोठ्या कंपन्या हे द्रव्य काढून टाकलेलं किंवा मर्यादेत ठेवलेलं तेल वापरतात. सुटं मिळणारं, घरगुती बनवलेलं लिंबूवर्गी तेल किंवा अत्तर मात्र कुठल्या तेलाचं आहे ते सांगता येत नाही. शेतावर, बाइकवर, क्रिकेटच्या मैदानावर जाणाऱ्यांनी परफ्यूम शर्टाच्या आतच ठेवावा.

चौथी: बाटली राहते कुठे

बाइकच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत खिडकीशी, न्हाणीघराच्या फळीवर. यापैकी कुठलंही उत्तर आलं की मी बाटली मागवून घेतो आणि एका कागदी पट्टीवर उडवतो. पहिल्याच झटक्याला लिंबाऐवजी टर्पेंटाईन आला तर निदान झालं.

लिंबू, संत्रं, बर्गामोट यांच्या तेलातला लिमोनीन हवा, उजेड आणि उष्णता मिळाली की ऑक्सिडाइझ होतो. लॅव्हेंडरमधल्या लिनॅलूलचंही तेच. वास बिघडतो हे एक, आणि ही बिघडलेली द्रव्यं कातडीला ॲलर्जी देण्यात ताज्या द्रव्यांपेक्षा पुढे असतात हे दुसरं, जास्त महत्त्वाचं. म्हणून बिघडलेली बाटली “निदान कपड्यांना वापरू” म्हणून ठेवू नका. उन्हाळी फ्रेश परफ्यूम सगळ्यात आधी बिघडतात, कारण त्यांच्यात हीच द्रव्यं सगळ्यात जास्त.

ठेवायची जागा: कपड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात, खोक्यासकट. फ्रिज लागत नाही. आणि परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं, ते पेट घेतं, म्हणून देव्हाऱ्याशेजारी, गॅसजवळ, उदबत्ती लावलेल्या फळीवर बाटली ठेवायची नाही आणि तिथं उभं राहून उडवायचंही नाही.

पाचवी: बाटली खरी आहे का

हे तपासायला पैसे लागत नाहीत, थोडं लक्ष लागतं. खोक्याच्या तळावर आणि बाटलीच्या तळावर बॅच कोड असतो, दोन्ही जुळले पाहिजेत. आपल्या देशात रीतसर आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेलं लेबल असतं. अक्षरं पुसट, स्पेलिंगमध्ये गडबड, झाकण हलकं, पहिला फवारा थुंकल्यासारखा, आणि दहा मिनिटांत फक्त अल्कोहोल, असं असेल तर संशय घ्या. दुबईच्या पाहुण्यानं आणलेल्या बाटलीवर भारतातलं लेबल नसणार, तो काही दोष नाही. तिथं बॅच कोड आणि बाटलीचं काम बघायचं.

प्रवासात रस्त्याकडेला तिसऱ्या हिश्श्यात मिळालेली बाटली खरी निघेल या आशेवर वेळ घालवू नका. तिला कुठलीही तपासणी वाचवणार नाही. आत काय आहे ठाऊक नसलेलं द्रव्य अंगाला लावायचंच कशाला?

सहावी: दोघांची खरी परीक्षा

वरचं सगळं निस्तरलं आणि तरीही कूल वॉटर की पुर ओम हे ठरत नसेल तर आता निवडायला बसू. मला यात जे सांगायचं आहे ते एवढंच की पहिल्या पाच मिनिटांच्या वासावर पैसे देऊ नका. दुपारी एक वाजता जो वास उरतो तो घ्या, कारण दिवसभर तोच तुमच्याबरोबर फिरणार आहे.

पहिली पाच मिनिटं इतकी फसवी का असतात ते समजून घ्या. लिमोनीनचा रेणू हलका, त्याचा रेणुभार 136. मस्क म्हणून वापरतात त्या गॅलॅक्सोलाइडचा 258. हलका रेणू आधी उडतो, उष्णतेत आणखी भराभर. त्यामुळे लिंबूवर्गी भाग कुठल्याही कंपनीचा, कितीही महाग असला तरी उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात ओसरतोच. त्यात फसवणूक नाही, ते लिंबूच तसं आहे. मग राहतो मधला, फुलांचा आणि हिरव्या पाल्याचा भाग, आणि शेवटी लाकूड, मस्क, टोंका. दुकानात कागदी पट्टीवर तुम्ही फक्त पहिला भाग हुंगता. त्यातून कागदाला ना घाम, ना ऊब, ना तेल.

परीक्षा अशी घ्या. सुट्टीचा दिवस निवडा, सकाळी बिनवासाच्या साबणानं अंघोळ करून दुकानात जा. गणपत गल्ली, खडेबाजार, कॉलेज रोड, जिथं टेस्टर ठेवलेले आहेत तिथं. डाव्या हाताच्या कोपराखाली एकाचा एकच फवारा, उजव्याला दुसऱ्याचा. कुठल्या हाताला कुठला ते फोनमध्ये लिहून ठेवा, तासाभरानं हमखास गोंधळ होतो. मग दुकानातून बाहेर पडा. बाजार करा, बाइकवरून फिरा, जेवा. एसीत बसून राहू नका, तुमचा रोजचा दिवस एसीत जात असेल तर गोष्ट वेगळी.

अर्ध्या तासानं बघा: डोकं जड होतंय का? कूल वॉटरचा कणा डायहायड्रोमर्सिनॉल नावाचं द्रव्य आहे. ते स्वच्छ, थोडं धातूसारखं, थोडं लिंबाकडे झुकणारं. हेच द्रव्य साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरीतही वापरतात, म्हणून काही जणांना कूल वॉटर “पावडरीचा” वाटतो आणि काही जणांना अगदी नुकताच न्हाल्यासारखा. हे नाकावर आहे, यात चूक-बरोबर नाही. कोरड्या कडक उन्हात ही धार काहींना टोचते.

दीड तासानं पुर ओमकडे बघा. लिंबू गेलेलं असेल, नेरोली उरलेली असेल. अंगणातल्या लिंबाला बहर येतो तेव्हा संध्याकाळी जो वास येतो त्याच कुळातला. इथं तुमचं अंग जर गोडसर बोलत असेल, म्हणजे टोंका लवकर वर येत असेल, तर उन्हात तो चिकट वाटेल. काहींच्या अंगावर मात्र तो शेवटपर्यंत स्वच्छ सुती कापडासारखा राहतो.

तिसऱ्या तासाला दोन्ही हात दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या. तुमचं नाक तोवर दमलेलं असतं. त्याला नाव सांगू नका, फक्त विचारा, कुठला बरा? त्याचं उत्तर आणि तुमचं जुळलं तर त्याच दिवशी घ्या. जुळलं नाही तर हात बदलून दुसऱ्या सुट्टीला पुन्हा. दोन्ही सारखेच वाटले तर जो स्वस्त आहे तो घ्या आणि मनात शंका ठेवू नका.

माझा कौल विचाराल तर तो गावावर आणि कामावर अवलंबून आहे. अथणी, रायबाग, चिकोडीच्या कोरड्या उन्हात, किंवा बेळगावात मार्केटिंगसाठी दिवसभर बाइकवर असणाऱ्याला मी पुर ओम सांगतो. त्याचा तळ मऊ आहे, घामाबरोबर कमी बिघडतो, आणि लांबून उग्र लागत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जूनपासून हवा ओली, कपडे वाळत नाहीत, सगळ्याला कुबट वास येतो. तिथं कूल वॉटरचा लॅव्हेंडर-पुदिना हा कुबटपणा कापतो, आणि जी धार उन्हात टोचते तीच तिथं बरी वाटते. वळवाच्या दिवसांत, म्हणजे दुपारी तापतं आणि संध्याकाळी पाऊस पडून गार होतं तेव्हा, दोन्ही चालतात. कॉलेजच्या पोरांना, ज्यांचं बजेट कमी आहे, मी आधी कूल वॉटरच दाखवतो. तो बहुधा स्वस्त पडतो आणि त्यात कमीपणा काही नाही. नंतर आलेल्या कितीतरी फ्रेश परफ्यूमनी त्याचीच वाट धरली.

लहान बाटली मिळत असेल तर लहानच घ्या. मोठी बाटली मिलीमागे स्वस्त पडते हे खरं, पण लिंबूवर्गी परफ्यूम तीन-तीन उन्हाळे कपाटात पडून राहिला तर ती बचत चौथ्या तपासणीतल्या बाटलीसारखी वाया जाते.

सातवी: जात बदलून बघा

हे सगळ्यात खर्चिक, म्हणून शेवटी. परफ्यूमच्या बाटलीवर ईडीटी (ओ द तुआलेत) किंवा ईडीपी (ओ द पार्फ्यूम) लिहिलेलं असतं. ईडीटीत सुवासिक द्रव्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के, ईडीपीत 15 ते 20. कंपनीगणिक फरक असतो. ईडीपी जास्त टिकतो, पण बहुतेक वेळा तो नुसता घट्ट केलेला तोच वास नसतो. त्यात लाकूड, अंबर वाढवलेलं असतं, आणि ताजेपणा थोडा कमी होतो. एकाच नावाचा ईडीटी आवडला म्हणून ईडीपी न हुंगता मागवू नका. त्याचीही सहावी तपासणी करा.

त्याऐवजी मी वाळ्याचं अत्तर सुचवतो. वाळ्याच्या मुळांचं तेल जड असतं, तासन्‌तास राहतं, आणि त्याचा मातीसारखा गारवा लिंबाशी छान जमतो. छातीवर अत्तराचा अगदी बारीक ठिपका, त्यावर पाच मिनिटांनी तुमच्या फ्रेश परफ्यूमचे दोन फवारे. लिंबू ओसरल्यावर खाली वाळा उरतो, पोकळी जाणवत नाही. पुर ओमबरोबर हे चांगलं बसतं. कूल वॉटरबरोबर मला तितकं पटत नाही, दोघांची धार एकमेकांना लागते. अत्तर विश्वासाच्या दुकानातूनच घ्या आणि आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा.

इथं थांबा

फवारा अडकला असेल तर वरचं बटण काढून कोमट पाण्यात बुडवा, वाळवा, परत बसवा. तेवढ्यानं सुटलं नाही तर बाटली जिथून घेतली तिथं दाखवा. मानेची धातूची कडी पक्कडनं उचकटू नका. ती एकदाच दाबून बसवलेली असते, परत बसत नाही, काच फुटते आणि हात कापतो.

परफ्यूम डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुवा, लाली आणि दुखणं राहिलं तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लहान मुलानं प्यायला तर घरी उलटी काढत बसू नका, बाटली घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. त्यातलं अल्कोहोल लेकरासाठी घातक असतं. घरात कुणाला दमा असेल आणि वासानं छाती भरत असेल तर त्या घरात परफ्यूमच नको, हलका-जड हा प्रश्नच येत नाही.

तुरटी, अंघोळ, सुती कपडे सगळं करूनही तळवे आणि काखा निथळत असतील, दिवसातून दोनदा शर्ट बदलावा लागत असेल, तर ते परफ्यूमचं काम नाही. अतिघामावर औषध मिळतं, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

परफ्यूमच काय, फोडणीचा, कॉफीचा, गॅसचाही वास येईनासा झाला असेल, मग तो सर्दी-तापानंतर असो की अचानक, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. गॅस गळती कळत नाही अशा माणसानं घरात एकटं स्वयंपाक करणं धोक्याचं आहे.

आणि कातडी. मानेवर, कानामागे, काखेत खाज, पुरळ, पाणी सुटणं, उन्हानंतर काळपट पट्टे यातलं काहीही दिसलं की परफ्यूम त्याच दिवशी बंद. हळद, लिंबू, टूथपेस्ट काही चोपडू नका, लिंबानं तर उन्हात आणखी भाजतं. दोन-चार दिवसांत उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. त्यांच्याकडे पाठीवर पट्ट्या चिकटवून नेमकी कुठल्या द्रव्याची ॲलर्जी आहे ते शोधायची पॅच टेस्ट असते. जाताना बाटली आणि खोकं दोन्ही बरोबर न्या, कारण लिमोनीन, लिनॅलूल, कुमारिन अशी नावं बहुधा खोक्यावर छापलेली असतात आणि डॉक्टरांना तीच हवी असतात.